होड्या कुणी सोडल्या?

१

सकाळी तलावावर धुकं होतं आणि त्या धुक्यात बोट क्लबच्या होड्या मोकाट फिरत होत्या.

पहिल्यांदा त्या दिसल्या गळवाल्या काकांना. काका निवृत्त पोस्टमास्तर. उजाडायच्या आत गळ टाकून बसायचं आणि बोट क्लबच्या नावाने बोटं मोडायची, हे त्यांचं निवृत्तीनंतरचं पूर्णवेळ काम. होड्यांमुळे मासे बिथरतात असं त्यांचं ठाम मत होतं. त्या दिवशी गळाला मासा लागलाच नाही. एक रिकामी होडी डुलत डुलत आली आणि दोरीला थडकली. मागोमाग दुसरी. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. क्लबच्या जवळजवळ साऱ्या होड्या पाण्यावर पसरल्या होत्या आणि एकीतही माणूस नव्हता.

तलावाच्या टोकाला बंधारा आहे. तिथे पाण्याला ओढ असते. सांडव्याच्या तोंडाशी जाड लोखंडी गजांची जाळी बसवलेली आहे. एक होडी त्या जाळीवर आपटून आपटून फुटली होती. आणि तिथेच, जाळीपाशी, शाळकरी मुलीचा एक निळा स्वेटर सापडला.

स्वेटरच्या कॉलरमध्ये शाळेचा क्रमांक शिवलेला होता. दुपारपर्यंत तो कुणाचा हे सगळ्या गल्लीला कळलं. तेरा वर्षांची पोर, लाँचवाल्याची मुलगी. एका जागी कधी बसत नाही म्हणून घरीदारी तिला सगळे भिंगरी म्हणत. आदल्याच आठवड्यात न विचारता होडी पाण्यात घातली म्हणून क्लबच्या मॅनेजरबाईंनी तिला चारचौघांत झापलं होतं. कारण मिळालं, पुरावा मिळाला, आणखी काय हवं? मॅनेजरबाईंनी तक्रार दिली.

आता पूर्वीचे दिवस असते तर पोरीच्या पाठीत दोन धपाटे बसले असते आणि विषय संपला असता. पण गेल्या वर्षी नवा कायदा आला होता. सोळा वर्षांखालच्या मुलाने नासधूस केली आणि आईबापांनी त्याच्यावर नीट लक्ष ठेवलं नव्हतं असं ठरलं, तर दोषी मूल नाही, आईबाप. तक्रारीवर नाव भिंगरीचं होतं, पण आरोपीच्या जागी तिच्या बापाचं नाव आलं. आणि ज्याच्यावर दोष सिद्ध झाला त्याला प्रवासी लाँच चालवायचा परवाना मिळत नाही.

२

प्रकरण चौकशीला आलं ते बालन्यायालयाच्या चौकशी अधिकारी बाईंकडे. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चपला वाजवत चालणाऱ्या. समोरचा माणूस कितीही तावातावाने बोलत असो, या म्हणायच्या, "सावकाश सांगा, मला घाई नाही." त्यामुळे कोर्टात शिपायापासून वकिलांपर्यंत सगळे त्यांना सावकाशबाई म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. नाव आवडलंही होतं.

लाँचवाल्याचं घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, दोरीवर सुकणारे कामाचे कपडे, मशीनच्या तेलाचा मंद वास. भिंगरीची आई हॉस्पिटलात नर्स. ती नुकतीच रात्रपाळी करून आली होती आणि गणवेश न बदलताच खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"त्या दिवशी पहाटे मुलगी घरात एकटी होती?" बाईंनी विचारलं.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. "मी ड्यूटीवर होते," आई म्हणाली.

"पहिली फेरी माझी असते," बाप म्हणाला. "इंजिन तापवायला अंधारातच जावं लागतं. तासाभराचा तर प्रश्न. ही स्वतःचं आवरून शाळेत जाते. आजवर शाळेतून कधी तक्रार नाही आली, ताई."

"म्हणजे लक्ष ठेवायला कुणी नव्हतं, असंच समोरचा वकील म्हणणार."

"मग आम्ही कामावर जायचं नाही का?" आईचा आवाज चढला नाही, पण तिने टोपीची पिन काढून हातात घट्ट धरली. हा प्रश्न त्यांनी स्वतःही कायदा आला तेव्हा वरिष्ठांना विचारला होता, आणि तेव्हाही उत्तर मिळालं नव्हतं.

भिंगरी आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बारीक, उंच, गुडघ्यावर जुनी खपली. आज मात्र ती अजिबात हलत नव्हती.

"स्वेटर तुझा?"

"हो."

"तिथे कसा आला?"

गप्प.

"होड्या तू सोडल्यास?"

बापाने हात जोडल्यासारखे केले. "बोल ना बाळा. मी तिला सतरांदा विचारलं, ताई. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीय."

बाईंनी पोरीचे हात पाहिले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, फोड येऊन फुटले होते. आईने त्यांना मलम लावलेलं दिसत होतं.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "तुला वाटत असेल, गप्प राहिले की मला बोलणी बसतील आणि संपेल. तसं नाही. नव्या कायद्यात शिक्षा तुला होत नाही. तुझ्या बाबांना होते. त्यांची लाँच जाईल."

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बापाकडे पाहिलं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बापाने मुद्दामच सांगितलं नव्हतं, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून बाईंना कळलं.

बाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या नाहीत तोच मागून आवाज आला.

"मी केलं. मी एकटीनेच. बाबांना काहीच माहीत नव्हतं, त्यांना कसं कळणार होतं? मी सगळ्या होड्यांचे दोर कापले आणि ढकलून दिल्या. आता बाबांना सोडा."

३

कबुली मिळाली की चौकशी संपते, असं बहुतेकांना वाटतं. सावकाशबाईंचा अनुभव उलटा होता. त्या लाँचवाल्याच्या घरून निघाल्या त्या थेट बोट क्लबवर गेल्या.

खाली होड्यांची शेड आणि तिकिटांची खिडकी, वर मॅनेजरबाईंचं राहतं घर. मॅनेजरबाई चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं नेमकं. डोळ्यांखाली मात्र झोप नसल्याची काळी वर्तुळं. "पोलीस म्हणाले हात लावू नका, म्हणून होड्या जशा मिळाल्या तशाच आणून ठेवल्यात," त्या म्हणाल्या.

बाई एकेका होडीपाशी उभ्या राहिल्या. एकही दोर कापलेला नव्हता. प्रत्येक दोर सोडवून, गोल वेटोळं करून पुढच्या टोकाशी ठेवलेला होता. वल्ही दोन्ही बाजूंच्या कड्यांत बसवलेली. आणि प्रत्येक बाकावर एक जुनी, विटलेली लाल गादी, तिचे बंद फळीखाली नीट बांधलेले.

"या गाद्या तुमच्याच ना?"

"होत्या कधीतरी," मॅनेजरबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला गादी द्यायची पद्धत मी लहान असताना होती. आता लाइफ जॅकेट देतो. गाद्या त्या कपाटात कुलपात पडून होत्या. किल्ली कुठे आहे तेही मला धड आठवत नाही."

"कपाट फोडलंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच नजर पाण्याकडे वळवली.

तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला. "अप्पा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "माझे वडील. क्लब त्यांनीच उभा केला. आता गुडघे गेलेत, जिना उतरत नाहीत. थांबा, औषध देऊन येते."

त्या गेल्यावर रखवालदार पुढे सरकला. थोराड, दाढीचे खुंट, चेहऱ्यावर अपराध्याचा भाव. "मॅडम, खरं सांगतो. पहाटे माझा डोळा लागला होता. पण शेडची किल्ली माझ्या खिशातच होती, आईशप्पथ. उठलो तर कुलूप उघडून कडीला लटकवलेलं."

"दुसरी किल्ली?"

"वर. बाईंच्या घरात." मग त्याने आवाज उतरवला. "आणखी एक. पुसायचं फडकं ओलं होतं. धुऊन, पिळून, खिळ्यावर वाळत घातलेलं. मी घालत नाही वाळत. मी आपला कोपऱ्यात टाकतो, बाई रोज ओरडतात."

"सगळ्या होड्या तलावातच मिळाल्या?"

"एक सोडून. एक क्लबच्या मागच्या पायऱ्यांशी होती, बांधलेली. गाठ बघून हसू आलं मला. बुटाच्या नाडीसारखी. तिच्यात गादी भिजून लगदा झालेली आणि तळाला पाणी."

बाई शेडमधून बाहेर आल्या तर गळवाले काका आपला सरंजाम घेऊन उभेच. त्यांना साक्ष द्यायची होती. खरं तर त्यांना क्लब बंद व्हावा यासाठी साक्ष द्यायची होती. बाईंनी त्यांचं माशांविषयीचं भाषण सावकाश ऐकून घेतलं.

"आणि स्वेटर तुम्हालाच सापडला ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सापडला कोण म्हणतं? पोलिसाने तसं लिहिलं, मी काय करू." काकांनी गळाची काठी भिंतीला टेकवली. "बाई, तो स्वेटर बांधलेला होता. एक बाही होडीच्या कडीला, दुसरी जाळीच्या गजाला. ओल्या लोकरीची गाठ इतकी आवळली होती की मला दातांनी सोडवावी लागली. आणि बाह्या ताणून ताणून अशा झालेल्या, माझ्या पायात येतील एवढ्या."

४

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई भिंगरीला घेऊन धक्क्याच्या कठड्यावर बसल्या. समोरून तिच्या बापाची लाँच पलीकडच्या काठाला निघाली होती.

"दोर कशाने कापलेस?"

"चाकूने."

"सगळे?"

"सगळे."

"भिंगरे, एकही दोर कापलेला नाही."

पोरीने ओठ चावला.

"आणि गाद्या कुठून आणल्यास?"

"कसल्या गाद्या?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग आपण फसलो हे कळून तिने मान फिरवली.

"मला काय वाटतं ते सांगते. चुकलं तर थांबव. खोडी काढायला गेलेलं पोर होडी ढकलतं आणि पळतं. ती जाळीवर जाऊन आपटली तर हसतं. स्वतःचा स्वेटर काढून, त्या गार पाण्याच्या ओढीत वाकून, होडी जाळीला बांधत बसत नाही. होडी हलू नये म्हणून माणूस कधी बांधतो? आत कुणीतरी असेल आणि त्याला उठून दुसऱ्या होडीत यायचं असेल, तेव्हा. तुझ्या हाताला फोड आले ते वल्हं मारून. आणि वल्हं मारून तू मागच्या पायऱ्यांशी आलीस, बुटाच्या नाडीची गाठ मारलीस."

भिंगरीने थांबवलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडतही नव्हती.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली.

"कुणाला, ते विचारत नाही. पण एवढं सांग, ज्याला शब्द दिलास त्याच्याकडे आपण दोघी गेलो आणि त्याने तुला मोकळं केलं, तर?"

"नाही करता येणार मोकळं," भिंगरी हुंदका गिळत म्हणाली. "त्यांना आठवतच नाही मी शब्द दिलेला."

५

रविवारी दुपारी बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मॅनेजरबाई तिकिटांच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, रखवालदार दाराशी. भिंगरी आईबापांच्या मधे बाकावर बसली. गळवाल्या काकांना बोलावलं नव्हतं, तरी ते आले होते आणि सगळ्यात चांगली खुर्ची त्यांनीच धरली होती.

"मी पहिल्या दिवशी याच होड्या बघत होते," बाईंनी सुरुवात केली, "आणि मनात एकच येत होतं. ही नासधूस कुठल्या बाजूने वाटते? कुलूप फोडलं नाही, किल्लीने उघडलं. दोर कापले नाहीत, सोडवून वेटोळी केली. बाक पुसले, फडकं पिळून वाळत घातलं. गाद्या काढून बांधल्या. वल्ही जागेवर लावली. मग एकेक होडी धक्क्यावरून अलगद पाण्यात सोडली. ही खोडी नाही. हे काम आहे. कुणीतरी नेहमीसारखा दिवस सुरू केला होता, गिऱ्हाईक दारात उभं आहे असं समजून."

काकांनी खुर्चीतून पुढे वाकून पाहिलं.

"मग प्रश्न उरला, असं काम करणारा कोण? रखवालदार नाही, तो फडकं कोपऱ्यात टाकतो, आणि गाद्यांची पद्धत त्याच्या आधीच बंद झालेली. काका नाहीत. होड्या सोडून त्यांनी स्वतःचेच मासे कशाला बिथरवले असते? ही पोर नाही, तिला गाद्या असतात हेच माहीत नाही. होड्या सुटून क्लबचं नुकसानच होणार, म्हणजे मॅनेजरबाईही नाहीत. आणि त्यांना तर कपाटाची किल्ली कुठे आहे तेसुद्धा आठवत नाही. किल्लीची जागा फक्त एका माणसाला पाठ असणार. त्या काळात जो रोज ते कपाट उघडत होता त्याला."

मग आतल्या जिन्यावर पावलं वाजली. सावकाश नाहीत, चांगली ठाम. पांढरा सदरा, ताठ पाठ, विरळ केस पाण्याने चापून बसवलेले. गुडघे गेलेले अप्पा एकही पायरी न चाचपता खाली आले आणि जमलेल्या माणसांकडे बघून प्रसन्न हसले.

"इतकी मंडळी खोळंबलीत होय," ते म्हणाले. "बसा, बसा. किती जण आहात? आत्ता लावतो होडी."

मॅनेजरबाईंनी तोंडावर हात धरला. मग पुढे येऊन वडिलांचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. काका आपण होऊन उठले होते.

"जिना उतरतात," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मी खोटं बोलले. त्या दिवशी सकाळी त्यांची पँट मांडीपर्यंत ओली होती. मी विचारलं नाही. धुऊन टाकली." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना. डॉक्टर म्हणालेत, असं पुन्हा कुठे निघून गेले तर घरी ठेवता येणार नाही. त्यांना दूरच्या संस्थेत पाठवायचं. ज्यांनी मला या पाण्यावर वाढवलं त्यांना मी चार भिंतींत... तेवढ्यात स्वेटर मिळाला. आणि मला वाटलं, देवाने सोडवलं. एका पोरीला थोडी बोलणी बसतील, एवढंच. लाँचचं मला नंतर कळलं. तरीसुद्धा मी तक्रार मागे घेतली नाही." त्या भिंगरीकडे वळल्या. "तुला काय बोलू, बाळ."

भिंगरी अप्पांकडे बघत होती. "त्यांना पाठवणार का?"

"नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या. "काहीही करेन, पण पाठवणार नाही."

तेव्हा कुठे भिंगरीने सांगितलं. पहाटे ती खिडकीत दात घासत होती. होड्या एकामागून एक धुक्यात निघालेल्या दिसल्या आणि शेवटच्या होडीत आजोबा बसलेले. वल्ही हातात होती, पण ते मारत नव्हते, नुसते काठावरच्या कुणाला तरी हात करत होते. तिथे कुणीच नव्हतं. होडी बंधाऱ्याकडे चालली होती. ती धावत गेली, काठाला लागलेली एक होडी धरली आणि मागे लागली. ती पोचेपर्यंत आजोबा जाळीला जाऊन अडकले होते. होडी इतकी हिसके देत होती की त्यांना उभंच राहता येईना, म्हणून तिने स्वेटर बांधला. मागच्या पायऱ्यांवर उतरताना आजोबा एकदम शुद्धीवर आल्यासारखे झाले. तिचा हात धरून म्हणाले, माझ्या मुलीला सांगू नकोस, ती मला लांब पाठवील.

"ते रडत होते," भिंगरी म्हणाली. "मी मोठं माणूस रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, नाही सांगणार, कुण्णाला नाही."

अप्पा मन लावून ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती. गोष्ट संपल्यावर त्यांनी मान डोलावली. "पोर धीट आहे," ते लाँचवाल्याला म्हणाले. "गाठ मात्र शिकवायला हवी."

पहिला हसला तो रखवालदार. मग काका. मग, डोळे पुसत, मॅनेजरबाई.

भिंगरीच्या आईने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. तिने अप्पांची नाडी पाहिली, खोकला ऐकला, छाती तपासून घ्या म्हणून बजावलं. मग मॅनेजरबाईंना बाजूला घेऊन अशा माणसांना घरी कसं सांभाळतात ते सांगू लागली. दाराला घंटी लावा. किल्ल्यांची जागा बदला. आणि मुख्य म्हणजे त्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. कुणीतरी सोबत राहून ते त्यांना करू द्या. रखवालदाराने घसा खाकरला. "सकाळी मी असतोच की," तो म्हणाला. "बसतो त्यांच्याबरोबर. बाक पुसून घेतील माझ्याकडून, दुसरं काय. माझाही डोळा लागायचा नाही."

सगळे उठू लागले तेव्हा बाप लेकीपुढे उकिडवा बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतो. तू एकटी त्या बंधाऱ्यावर गेलीस, अजूनही रागावलोय, जेवल्यावर रागावणार आहे. पण राग झाल्यावर आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. यापुढे एवढं ओझं एकटीने घ्यायचं नाही. कळलं?"

भिंगरीने मान हलवली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं रडून घेतलं.

६

तक्रार मागे घेतली तरी प्रकरण आपोआप मिटत नाही. न्यायाधीशांसमोर ते रीतसर बंद करावं लागतं. बालन्यायालयाची खोली लहान. एक लांब टेबल, कडेला बाक, खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. न्यायाधीशबाई कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी सावकाशबाईंचा अहवाल शब्दन् शब्द वाचला.

मॅनेजरबाईंनी उभं राहून आपलं चुकलं म्हणून सांगितलं. न्यायाधीशबाईंनी त्यांना चार कडक शब्द ऐकवले आणि ते त्यांनी मान खाली न घालता ऐकून घेतले. मग मॅनेजरबाईच म्हणाल्या, "बाई, एक विचारू? मुलांसाठी आईबाप जबाबदार, असा कायदा आहे. म्हाताऱ्या वडिलांनी असं काही केलं तर मी कुठल्या कलमाखाली येते?"

"कुठल्याच नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "ते तुमचं तुम्हीच बघायचं."

"बघतेय," मॅनेजरबाई म्हणाल्या आणि बसल्या.

आदेश लिहून झाला. मुलीने कोणतीही नासधूस केली नाही, वडिलांविरुद्धचं प्रकरण बंद. आईने भिंगरीचा हात इतका दाबला की ती कळवळली. पण न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली नव्हती.

"थांबा," त्या म्हणाल्या. "या कायद्यात पालकाला एक प्रश्न विचारून उत्तर नोंदवावं लागतं. निकाल काहीही लागला तरी. लाँचचालक, उभे राहा."

लाँचवाला उभा राहिला. नवा इस्त्री केलेला शर्ट, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. सावकाशबाईंनी हा प्रश्न याच खोलीत कितीतरी वेळा ऐकला होता. दर वेळी आईबापांची मान खाली जायची, दर वेळी उत्तर जेमतेम ऐकू यायचं. आज त्यांनी आपली खुर्ची जरा पुढे ओढली.

"आपल्या मुलीने त्या दिवशी जे केलं," न्यायाधीशबाईंनी विचारलं, "त्याची जबाबदारी तुम्ही घेता?"

लाँचवाल्याने बाकावर बसलेल्या लेकीकडे पाहिलं. ती खाली वाकून मोज्याशी चाळा करत होती, पाय हलत होते.

"हो," तो म्हणाला. मग आवाज नीट ऐकू गेला नसेल असं वाटून त्याने पुन्हा, खोलीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं सांगितलं, "हो, बाईसाहेब. सगळीच्या सगळी."